पुठ्ठ्याच्या घराला कठडा

६ जानेवारी
आधी भिंतीला मापाची फीत लावली, मग मला नमस्कार. ही कसली रीत? तन्वीच्या कॉलेजातली पोरं. दारात चपला काढायच्या, तर बुटांसकट गच्चीपर्यंत जाऊन आली. नात आपलीच, बोलणार कुणाला.
म्हणे ह्या घराचे नकाशे काढायचे आणि पुठ्ठ्याचं छोटं घर करायचं. परीक्षेसाठी. त्यांच्या मास्तरांना हे घर फार आवडलंय. मास्तरांनी इथे एक पावसाळा काढून दाखवावा. ह्यांनी हौसेने मुंबईचा आर्किटेक्ट आणला होता. अख्ख्या वटार गावात कौलारू घरं, आमचाच एक डबा. त्याने बांधलं तेव्हा भिंतींना गिलावा नाही, छपराला उतार नाही, गच्चीला कठडा नाही. आहे त्यापेक्षा नाही तेच जास्त. तो फोटो काढून गेला, मी गळतीखाली पातेली मांडत राहिले.

७ जाने.
विरारचा एक चष्मेवाला आहे, साहिल. भिंतीवरून हात फिरवतो. "काय लाइन आहे आजी!" म्हटलं, "हात धू, बुरशी आहे ती."
माझा थोरला, प्रमोद, खुशीत. तन्वीचा बाप. त्याला इथे होमस्टे काढायचाय. पाहुणे येणार, लेकरंबाळं घेऊन, गच्चीवर चहा पिणार, केळी-नारळ बघणार. पोरांचे नकाशे त्याला आयतेच.
"मूळ होतं तसंच करायचं, आई."
मूळ म्हणजे कधीचं, ते मी विचारलं नाही.

८ जाने.
गुडघा. बसूनच. पोरं पुठ्ठा कापतात, घरभर चिंधोट्या. तन्वीचं बोट कापलं. हळद दाबली. रडली नाही. माझ्यावर गेली.

९ जाने.
नकाशा दाखवला. रेघा कळतात मला, चौथीपर्यंत का होईना शिकलेय. गच्चीच्या कडेने पिवळा पट्टा.
"हे पिवळं काय गो?"
"काढून टाकायचं ते, आजी. वरचा पत्रा, खिडक्यांच्या जाळ्या, गच्चीचा लोखंडी कठडा. सगळं नंतर लावलेलं. मूळ डिझाइनमध्ये नाही."
"का लावलं, विचारलंस?"
"पप्पा म्हणाले, आजोबांना चोरांची भीती होती."
चोर म्हणे.
भात लावला.

११ जाने.
पुठ्ठ्याचं घर उभं राहिलं. छान दिसतं. गळत नाही ना. आत बाहेर माणसं चिकटवलीत, नखाएवढी. साहिल म्हणतो, "मापासाठी आजी. माणूस ठेवला की घर केवढं ते कळतं."
गच्चीच्या अगदी कडेला एक पोर. हातात फुगा.
मी उचकटलं.
"आजी! आत्ताच चिकटवलं होतं!"
नखात गोंद राहिला. पोर बशीत ठेवलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. तन्वीला एक काका होता. अविनाश. दुसरीत. संक्रांतीला पतंग उडवताना ह्याच कडेवरून गेला, खाली विहिरीचा दगडी काठ. कठड्याने घराची रेघ बिघडते, असं त्या आर्किटेक्टचं म्हणणं होतं. सुतक फिटायच्या आत ह्यांनी लोहार आणला. घाईत लावला, वाकडा लागला. कुणी सरळ केला नाही.
पोरांच्या हातातल्या कात्र्या तशाच. तन्वी म्हणाली, "पप्पांनी तर तापाने गेला असं सांगितलं होतं."
आधी चोर, आता ताप.

१२ जाने.
जेवताना तन्वीने बापाला विचारलं. ताटावरून उठला. आमटी मांजरीला.
पोरांची पडवीत भांडणं. साहिल म्हणतो, "कठडा घातला तर सर मार्क कापतील. ओरिजिनल हाऊस मागितलंय." तन्वी म्हणते, "कापू देत." टाचण्या घेऊन बसली, कठडा करायला. ओळीने सरळ खोचत होती.
"वाकडा कर," म्हटलं. "आहे तसा."
तिने वाकवल्या. चष्मेवाला बघत बसला, मग त्यानेही हात लावला. कामाला वाईट नाही पोरगा.

१३ जाने.
भोगी. प्रमोदने गोखिवऱ्याहून माणूस आणला, लोखंड कापायचं मशीन घेऊन. मला न सांगता. मी खुर्ची गच्चीवर नेली, कठड्याला पाठ लावली, भाजीचे वाल सोलत बसले.
"आजी, सरका ना, ठिणग्या उडतील."
"उडू देत. लुगडं जुनंच आहे."
प्र. खाली अंगणातून ओरडतोय, "आई, लोकांपुढे तमाशा नको!"
"मग वर येऊन उठव मला."
आला नाही. जिन्यापर्यंत आला, परत फिरला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाण्याची टाकी बघायलासुद्धा हा गडी पाठवतो. पत्रा घातला तेव्हाही खालूनच सांगत होता. अविनाश गेला त्या दिवसापासून हा गच्चीवर चढलेलाच नाही. आणि पाहुण्यांना चढवणार.
मशीनवाला म्हणाला, "काका, आधी घरात ठरवा, मग बोलवा." गेला. शहाणा माणूस.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ केला. दरवर्षी करते, करायचा असतो. प्र.च्या हातावर ठेवला. गोड बोल म्हणाले नाही. नुसता बोलला तरी चालेल.
सकाळपासून आभाळात पतंग.
त्या दिवशी पतंग प्र.च्या हातात होता, फिरकी अव्याच्या. मी खाली चुलीपाशी. वरून आवाज येत होता, "मागे जा अव्या, अजून मागे, ढील दे." थोरला म्हणजे तरी केवढा, सातवीतला. मी त्याला कधी विचारलं नाही. ह्यांनीही नाही. कठडा लावला आणि गप्प बसलो. आता हे गेले. कठडाही गेला की मग…
वाल जास्त शिजले आज.
उद्या मास्तर येणार, नकाशे आणि पुठ्ठ्याचं घर इथेच तपासणार. टाचण्या बघून विचारणारच, हे कुठून आलं, मूळ घरात नव्हतं. तन्वीला बजावलंय, तू तोंड उघडायचं नाहीस. साहिलने तर नाहीच नाही. मीही खाली आतच असेन. पोरांनी मास्तरांना गच्चीवर न्यायचं, प्रमोदला वर बोलवायचं, आणि उत्तर त्यानेच द्यायचं.