तीन खून आहेत म्हणून काय झालं?

३ जून
पुस्तक छापून आलं! पाचशे प्रती. मुखपृष्ठावर माझं नाव बारीक, खाली ठळक अक्षरांत 'थरारक रहस्यकथा'. डोक्यात तिडीकच गेली. तीन खून आहेत म्हणून काय झालं? ते प्रतीकात्मक आहेत. प्रकाशकाला फोनवर चांगलं झापलं. बरं साहेब, म्हणाला आणि फोन ठेवला. टरकला असणार.

४ जून
बायको रहस्यकथांची अट्टल वाचक. आठवड्याला दोन फस्त करते. लेबल पाहून तिने लगेच प्रत उचलली. मी काढून घेतली. म्हटलं, हे तसलं नाही, हे साहित्य आहे. मग राहू दे, म्हणाली. राहू दे म्हणजे काय! तिलाच तर आवडायला हवंय. बाकी जगाचं मत गेलं खड्ड्यात.

७ जून, सकाळी
प्रकाशक म्हणतो, लेबल नको तर तुम्हीच वर पांढरी पट्टी चिकटवा. चिकटवणारच! रोज शंभर. पाच दिवसांत फत्ते.

७ जून, संध्याकाळी
अकरा झाल्या. दोन वाकड्या.

१५ जून
मेहुण्याला मदतीला बोलावलं. एकूण एकशे चाळीस. त्याने विचारलं, पुस्तक आहे तरी कशाबद्दल? अस्तित्वाबद्दल, म्हटलं. त्याची पाठ दुखायला लागली. गेला घरी.

२९ जून
पट्टीवाल्या प्रती पुस्तकांच्या दुकानात दिल्या. दुकानदार म्हणतो, कुठल्या प्रकारातलं तेच कळेना, म्हणून 'इतर'मध्ये ठेवलंय. बागकामाशेजारी! खप शून्य. नजर चुकवून एक प्रत रहस्यकथांत सरकवली. माघार वगैरे नाही. निव्वळ प्रयोग.

३० जून
प्रयोग यशस्वी! प्रत गेली.

१ जुलै
गिऱ्हाईक सापडलं. आमचीच बायको. घरातली मिळेना म्हणून विकत घेतली म्हणे. पट्टी सोलून टाकलीय. दुपारपासून वाचतेय. मी पाणी प्यायच्या निमित्ताने सहा चकरा मारल्या. चेहऱ्यावरून काही पत्ता लागत नाही.

२ जुलै
वाचून झालं. धीर करून विचारलं. म्हणाली, तुमचंच बरोबर, ही रहस्यकथा नाहीच. अगदी भरून आलं मला. बावीस वर्षांच्या संसारात 'तुमचंच बरोबर' पहिल्यांदा ऐकलं. विचारलं, एवढं खोलातलं कसं गं उमगलं तुला? म्हणाली, त्यात कसलं आलंय खोल, डॉक्टरनेच मारलं हे नवव्या पानावरच कळतं की.

मी ते दोनशे बाराव्या पानावर सांगितलंय.