ह्यांचं माप

बदलापूर, चांदरात, १९५३

चांद दिसला तशी फितऱ्याचे तांदूळ मापायला बसले. घरातल्या जित्या माणसागणिक एक माप गरिबाला द्यायचं, एवढा साधा हिशोब. तोही चुकला.

खातूनमावशी पिशवी पसरून समोर बसली होती. माझं माप तिच्या पिशवीत ओतलं आणि दुसरं भरलं, तेही शिगेसकट. आमच्या ह्यांचं माप नेहमी शिगेचंच. "एवढ्या पोटाला सपाट माप पुरंल होय?" म्हणून दर ईदेला मी चिडवायची.

मावशीनं पिशवी मिटली. "बाय, हे कोणाचं गो?"

"आणि कोणाचं? ह्यांचं! फुकटात सुटतील काय?"

बोलले, आणि मग आठवलं. हे थंडीतच गेले.

मावशी हळूच म्हणाली, "मेल्या माणसाचा फितरा नसतो, बाय. खैरात म्हण, मी घेते."

तेवढं तोंडातून निघंना. एरवी माझं तोंड कधी बंद असतं? पण खैरात म्हटलं, की हे गेलेच ना?

मावशी सकाळी परत येते म्हणाली. माप चुलीजवळ आहे, शिगेसकट. तोवर घरात आम्ही दोघं.