बरगीचे साठ मटार

२ डिसेंबर, सकाळी ७
पीएच.डी.चं सातवं आणि शेवटचं वर्ष. ३१ मार्चला थीसिस जमा झाला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. म्हणजे भरपूर वेळ आहे. मटाराच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात. बरगी धरणाच्या कालव्यावरच्या सहा गावांत त्यांची वेगवेगळी घराणी निघणार, हे मला आतूनच माहीत आहे. उद्या पाचला उठून स्कूटरने रोपं आणायला निघायचं.

३ डिसेंबर, सकाळी ९.४०
धुकं होतं.

११ डिसेंबर
ऋचाने विचारलं, अहो, काहून जाऊन नाही राहिले तुम्ही? बायकोला सॅम्पलिंग कळत नाही. घाई केली की डेटा बिघडतो.

१९ डिसेंबर
तोडगा सापडला. बरगीचे शेतकरी पटेलजी आमच्या इथे चेरीतालच्या बाजारात मटार विकायला येतात. त्यांना सहा गावांची नावं लिहिलेल्या सहा पिशव्या दिल्या. प्रत्येक गावातून दहा रोपं, मुळांसकट. म्हणाले, चिंता मत करो भैया, बढ़िया माल लाएंगे. याला मॅनेजमेंट म्हणतात.

२३ डिसेंबर
साठ रोपं आली. शेंगा टपोऱ्या. मुळं लॅबमध्ये, मटार पुलावात.

१७ फेब्रुवारी
जिवाणूंच्या डीएनएचा रिपोर्ट आला. सहाही गावांत तीच चार घराणी, त्याच प्रमाणात. फरक शून्य. दोन तास घाबरलो. मग उलगडलं. कालव्याच्या पाण्याने जिवाणू सगळीकडे सारखे वाटून टाकले. हा तर मोठाच शोध. परदेशी जर्नललाच पाठवावा.

२६ फेब्रुवारी
गाईड विनता मॅडमनी एवढंच विचारलं, तू स्वतः गेला होतास ना? म्हटलं, टीम गेली होती.
कालव्याचा फोटो हवा म्हणून पटेलजींना फोन केला. ते खुशीत म्हणाले, सब अपने ही खेत का था. दूसरों का मटर मरियल है, आपको कैसे देते. त्यांच्यावर रागावताही येईना. बाकीच्या गावांतली रोपं विचारली, तर शेतं कधीच नांगरून झाली होती.

३१ मार्च, सायंकाळी ५.४५
ऑफिस बंद झालं. मी उगाच फाटकाशी उभा होतो. मॅडमनी पाठीवर हात ठेवला, तेव्हा रडू आलं.

२ एप्रिल
पटेलजींचा फोन. डॉक्टर बन गए ना? गावभर सांगून ठेवलंय म्हणाले. मी हो म्हणालो. मग म्हणाले, दोन दिवस झाले, गाय चारा खात नाही, जरा येऊन बघा.
येतो म्हणालो.