चष्म्यातून गेलेला आवाज

ताडकळस,
२४ एप्रिल १९९४

प्रिय विमल,

पार्सल पोचलं एवढं कळवायला एक कार्ड पुरलं असतं, पण तू पाठवलेल्या वस्तूचं काहीतरी करून दाखवल्याशिवाय लिहायचं नाही, असा हट्ट धरून बसले होते. कापसात गुंडाळलेली डबी उघडली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, बंगलोरहून नथीचे मोती आले. निघाल्या दोन बारक्या सोनेरी टोप्या. प्रत्येकीला तीन पाय, डोक्यावर टिकलीएवढी काच. माझ्या सासूबाई धुरपताबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते) डबी डोळ्यांशी धरून म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलंय, पण हाय कशाचं?" मी म्हटलं, उजेडाचं. त्यांनी डबी मला परत दिली आणि तांदूळ निवडायला बसल्या.

तू लिहिलंस की या टोपीला लेसर डायोड म्हणतात, आत मिठाच्या खड्याहून लहान स्फटिक आहे, तो तोडला की तुटलेल्या कडाच आरसे होतात, आणि उजेड त्या दोन कडांमध्ये येरझारा घालत जोर धरतो. ते वाचताना माझी भाकरी करपली. आरसा घासून घासून करावा लागतो, अशी माझी आजवरची समजूत. नुसता तुटून आरसा होतो? मग मीठ फोडलं तर त्याच्या कडेचा आरसा का होत नाही? तुला बंगलोरच्या नोकरीत मिळालेल्या पेटंटचंही तसंच. काचेच्या तंतूचं टोक वितळवून त्याचाच मणी करायचा, म्हणजे लेसरचा उजेड वाया न जाता सरळ तंतूत शिरतो, एवढं समजलं. पण मणी केवढा करायचा, हे तुला आधी कसं कळलं? गणिताने की चुकून चुकून? कृपा करून चुकून चुकून म्हण. मला बरं वाटेल.

आता माझी हकीकत. शाळेत नववीला प्रकाश शिकवताना दरवर्षी मी मेणबत्ती आणि भिंग घेऊन उभी राहते. या वर्षी म्हटलं, उजेडावरून आवाज पाठवून दाखवू. लाउडस्पीकरवाल्या सूर्यभानकडून माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर आणला. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरमधली सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी काढून पलीकडे टेपरेकॉर्डरला जोडली. आवाजाबरोबर उजेड कमीजास्त होणार, पट्टी ते ओळखणार आणि टेपरेकॉर्डर बोलणार, असा बेत. पण मी पहिली टोपी रेडिओचा अडॅप्टर लावून घरच्या विजेवर चालवली. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, विजेला हिसका बसला आणि तांबडा ठिपका गेला तो गेलाच. तू सांगितलं होतंस की ह्या टोप्या फार नाजूक असतात, आणि मी ते वाचलंही होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. आमचे हे, बन्सीधरराव, ताट घेऊन आले आणि म्हणाले, "बल्ब गेल्यावर कुणी रडतंय का?" त्यांच्या दृष्टीने तो बल्बच होता.

दुसरी टोपी बॅटरीच्या सेलवर लावली. ती चालली, पण वर्गाच्या दुसऱ्या भिंतीवर जाईपर्यंत उजेड सुपाएवढा पसरला. आणि विमल, तो गोल नव्हताच! उभा लांबट, काकडीच्या तिरक्या कापासारखा. मी टोपी फिरवली तर काकडीही फिरली. दोन दिवस मी तेच डोक्यात घेऊन हिंडत होते. मग विहिरीवर उभी असताना उलगडलं. उजेड ज्या फटीतून बाहेर पडतो ती एका बाजूने फार अरुंद असणार, आणि अरुंद फटीतून उजेड जास्त पसरतो. हे आपण परभणीच्या कॉलेजात शिकलो होतो, ब्लेडच्या दोन पात्यांमधून बघून! बरोबर आहे ना? चूक असलं तरी लगेच सांगू नकोस, थोडे दिवस मला त्या आनंदात राहू दे.

उजेड गोळा करायला जाड भिंग हवं होतं. शाळेतलं फुटलेलं. घरात तसलं भिंग एकाच ठिकाणी होतं, आत्याबाईंच्या नाकावर. मोतीबिंदू काढल्यावर शिबिरात मिळालेला सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. तो काढला की त्यांना माणूस आणि खांब सारखाच. मी मागायला कचरत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "माझ्या तोंडाकडं काय बघायलीस सारखी?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून हातात दिला. "घे. पण सांजच्यापुरता. आन् माझा हात धरून मला तिथं न्यायचं. मी काय घरात बसायची न्हाई."

तर दिवेलागणीला, ऊन गेल्यावर, शाळेच्या ओट्यावर टोपी आणि तिच्यापुढे चष्म्याचं भिंग, आणि बाजारमैदानाच्या पलीकडे चावडीच्या पायरीवर पट्टी आणि टेपरेकॉर्डर. मुलांना बजावलं होतं, उजेडात डोळा घालायचा नाही. नेम बसवता बसवता माझी मान अवघडली. माइकवर बोलायला बन्सीधररावांना उभं केलं, कारण दुसरं कोणी तयार होईना. मी पलीकडे आत्याबाईंजवळ. बराच वेळ नुसती खरखर. मग एकाएकी पायरीवरच्या डब्यातून यांचा आवाज आला, अगदी जवळून बोलावं तसा. "आई... ऐकू यायलंय का? जेवलीस का?"

एवढ्या गावापुढे बोलायला यांना दुसरं काही सुचलं नाही. लोक हसले. आत्याबाई मात्र मोठ्याने म्हणाल्या, "न्हाई रे बाबा, अजून कुठं!" उलट बोललेलं तिकडे जात नाही, हे मी सांगायला गेले, तर म्हणाल्या, "त्याला म्हाईत हाय मी जेवले न्हाई ते." तेवढ्यात कापसाची गाडी मधून गेली आणि आवाज तुटला. गाडी पुढे सरकली आणि आवाज परत आला. सूर्यभान ओरडला, "गाडीनं आवाज खाल्ला!" मी आत्याबाईंचा हात धरून पट्टीपुढे नेला. हात आडवा धरला की हे गप्प, बाजूला घेतला की हे बोलताहेत. चष्म्याविना त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांच्या तळव्यावर तांबडा ठिपका थरथरत होता, तो मलाच दिसत होता. त्या म्हणाल्या, "म्हंजे आता माझ्या हातावर लेकाचा आवाज बसलाय?" मी हो म्हटलं. यापेक्षा चांगलं उत्तर मला आजही येत नाही.

घरी आल्यावर, चष्मा पुन्हा नाकावर चढवून, त्यांनी विचारलं, "दिव्यात तेल जळतं, चुलीत लाकूड जळतं. ह्यात काय जळायलंय?" मी सांगितलं, काही जळत नाही, स्फटिकात इलेक्ट्रॉन वरून खाली येतात आणि उजेड देतात. "मग सगळे एकदम, एका तालात कसे येत्यात? कोण सांगतं त्यांला?"  विमल, मी एवढंच म्हणाले, हे पुढच्या वर्गात होतं, आत्याबाई.

तो पुढचा वर्ग तुला आठवतो. औरंगाबादला दोघींचं एम.एस्सी.चं नाव लागलं होतं आणि अठ्ठ्याहत्तरच्या त्याच जुलैत विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. एसट्या बंद, कॉलेजं बंद. आपल्याबरोबर बी.एस्सी. झालेल्या कस्तुराचं घर जाळलं, ती माणसं रातोरात गाव सोडून गेली. वडील मला म्हणाले, निवळलं की पाठवू. तू मामांकडे हैदराबादला गेलीस. माझं मार्गशीर्षात लग्न झालं. लोकांची घरंदारं गेली, आपलं तर नुसतं शिक्षण राहिलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं नव्हतं. पण त्यामुळे माझ्या मनाची तगमग थांबली असं झालं नाही.

आत्याबाईंनी माझं ते वाक्य सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटा धुताना म्हणाल्या, "राहिलेला वर्ग आता भरत न्हाई का?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग ते यांच्या कानावर गेलं. हे आरडाओरडा करणारे नाहीत. एवढंच म्हणाले, "आमच्यात काय कमी पडलं तुला?" विमल, कमी काहीच पडलं नव्हतं, आणि हे त्यांना कसं समजवावं ते मला समजत नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही विहीर खोदली तेव्हा पाणी लागल्यावरही आणखी दोन पुरुस, दोन माणसांच्या उंचीएवढं, खाली गेलात. कशाला गेलात?" ते उठून शेतावर गेले. आत्याबाई मागून म्हणाल्या, "राहू दे, इचार करायलाय त्यो."

गेल्या सोमवारी मी औरंगाबादला चौकशीला निघाले. एसटी हलली आणि मागच्या दाराने हे चढले, हातात माझी विसरलेली पाण्याची बाटली.  जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललंय, फाटकावरचा रंग अजून ताजा आहे. यांनी ते लांबलचक नाव पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, मग म्हणाले, "आत जा. मी हितं बसतो." विभागप्रमुखांनी गुण पाहिले आणि म्हणाले, जूनमध्ये या, जागा मिळेल, पण एवढा खंड पडलाय, गणित जमेल का? मी जमेल म्हणून सांगून आले. बाहेर झाडाखाली यांनी एवढंच विचारलं, "मग? कवा यायचं म्हणले?"

विमल, ते गणित मला जमत नाही. रोज पहाटे जुनं पुस्तक उघडते. समीकरणं ओळखीची वाटतात, पण जत्रेत भेटलेल्या माणसासारखी, नाव आठवत नाही. वर्गात माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुली असतील. भीती वाटते, आणि ती इथे कुणाला सांगता येत नाही, कारण आता सगळे माझ्या बाजूने उभे आहेत. म्हणून हे पत्र. शाळेला एक मेपासून सुट्टी आहे. मला महिनाभर तुझ्याकडे ठेवून घे आणि शिकव. लाड करू नकोस, जुन्या गोष्टी काढू नकोस. चुकलं तर वही परत कर, पुन्हा करायला लाव. हो म्हणणार असशील तर तार कर. नाही म्हणणार असशील तरी मी येणारच आहे, तिकिटाचं यांनी कालच परभणीला सांगून ठेवलंय.

तुझीच,
सत्यशीला