साहेबाचे जेवण आणि मधले दार

गेल्या सोमवारी सकाळी मी तांदूळ, कोंबडीचे मांस आणि लाल भोपळा एकत्र मऊ शिजवून, मीठ न घालता, निववून साहेबापुढे ठेवले. साहेब म्हणजे माझा कुत्रा. त्याने वास घेतला आणि अधिकाऱ्याने अर्ज परत करावा तसे भांडे नाकाने माझ्याकडे सरकवले. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मी परत आलो नाही तर याने कोणाच्या हातचे खायचे, या विचाराने मी तेव्हाच हा कागद लिहायचे ठरवले.

तरी मी, धंद्याने सुतार, पन्नाशीच्या अलीकडचा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना (साहेब पायावर डोके ठेवून झोपला आहे, ते दडपण धरू नये), देवाला स्मरून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. घराच्या माझ्या दोन खोल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला द्याव्यात. पलीकडच्या दोन तिच्याच आहेत. साहेब मूळचा आईचा. आई गेल्यावर आक्का म्हणाली, “कुत्रा कोणाला तरी देऊन टाक.” मी नाही म्हटले. “मग त्याच्यासकट तिकडेच राहा आणि मधलं दार ठोकून टाक!” तिचे ऐकायची सवय लहानपणापासूनची. खिळे मारून ठोकले. तेव्हापासून आमचा अबोला आहे. तरीही खोल्या तिलाच द्याव्यात; छप्पर गळते कुठे, हे तिलाच ठाऊक आहे.

२. पटाश्या आणि करवती माझ्या भागीदाराला द्याव्यात. मोठा रंधा देऊ नये. एकदा नेला तो खिळ्यावरून फिरवून पाते खराब करून आणला, वर म्हणाला, “लाकूडच वाईट होतं.” रंधा भाचीला, आक्काच्या लेकीला द्यावा. ती वापरणार नाही, पण पुसून ठेवील.

३. बँकेतल्या शिल्लकीतून साहेबाचा खर्च भागवून उरेल ते भाचीचे.

४. साहेबाविषयी. त्याच्या अन्नात मीठ, कांदा, लसूण घालू नये. हाडे काढावीत. गाजर किसून घालावे. तुकडे घातले तर एकेक वेचून भांड्याभोवती मांडून ठेवतो. हे सगळे करूनही तो खाईलच असे नाही. खाण्याच्या बाबतीत त्याचे फार नखरे आहेत, असे सगळे म्हणतात. मीही कालपर्यंत म्हणत होतो.

रविवारपासून आक्का लेकीकडे गेली होती. त्या दिवसांत मी अंडे करून पाहिले, मासे करून पाहिले, देवापुढे हातही जोडले. साहेब दोनचार घास खाई आणि मधल्या दाराशी जाऊन पडे. गुरुवारी आक्का परतली. दुपारी दारापलीकडे तिचे ताट वाजले. साहेब ताडकन उठला, त्याने सकाळी नाकारलेलेच भांडे दातांत धरून दाराशी ओढत नेले आणि चाटूनपुसून खाल्ले. त्याला चव नको होती, पंगत हवी होती. इतकी वर्षे मी एकटाच उभ्याउभ्या जेवतो, म्हणून मला ते उमगले नाही.

मी दारावर टकटक केले. “आक्का, जेवतेस का?”

पलीकडे ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, “जेवतेय. तुझा साहेब जेवला?”

“आत्ता. तू नव्हतीस तर उपाशी होता.”

“असणारच. रोज त्याची मचमच ऐकूनच तर जेवते मी. दाराला टेकून बसते.”

“मग देऊन टाक का म्हणालीस तेव्हा?”

“आईला शोधत घरभर फिरायचा रे. मला बघवत नव्हतं.”

मीही दाराशी खाली बसलो. म्हणालो, “माझं ऑपरेशन आहे.”

“शेजारच्या शिंपीकाकांनी सांगितलं. भावानं सांगायला हवं होतं.”

“मला काही झालं तर सांभाळशील याला?”

“सांभाळीन की. पण कसं? फटीतून?”

५. सबब साहेब आक्काकडे राहावा. तिने त्याच्याशेजारी जमिनीवर बसून जेवावे. एवढी एकच अट. मी परत आलो तर आम्ही तिघे बसू.

आक्काला या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. जिला काही मिळायचे तिची साक्ष घेऊ नये, असे वकिलांनी सांगितले. “म्हणजे काम माझं आणि सही परक्याची!” असे म्हणून ती माझ्याच चुलीपाशी भोपळा चिरायला बसली आहे.

६. उपटलेले खिळे ठोकून सरळ करायचे आणि डब्यात जपून ठेवायचे, ही माझी जन्माची सवय. मधल्या दाराचे खिळे आज सकाळी मी स्वतः उपटले. ते वाकडेच भंगारात देऊन आलो.

लिहून देणार : सुतार (सही)
साक्षीदार : १. शेजारचे शिंपीकाका (सही) २. कोपऱ्यावरचे दूधवाले (सही)
स्थळ : राहते घर, चारही खोल्या मिळून
दिनांक : इस्पितळात जाण्याआधीचा शुक्रवार, जेवणाची वेळ