चिखलात बसून वाचवलेलं झाड

ती. दादा,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर अजून वाकू देत नाही). तुझा खोकला कसा आहे? वहिनींनाही विचारलंय म्हणून सांग. आम्ही सुखरूप आहोत, आणि मी तर सध्या रस्त्याने छाती पुढे काढून चालतो. त्याचं कारण कळवायलाच हे पत्र.

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय. जन्मभर शिलाई मशीनवर बसलेल्या माणसाला ही शिक्षाच, पण हिने मला वस्तीमागच्या रानात फिरणाऱ्या मंडळींत नेऊन सोडलं. रान एवढंसंच (या टोकाला शिंकलं की त्या टोकाचे लोक दचकतात), पण रहिवाशांनी स्वतः लावून वाढवलेलं. रविवारी तिथे निवृत्त हेडबाई पक्षी दाखवतात. बोलायचं नाही, खोकायचं नाही, चपला वाजवायच्या नाहीत.

गेल्या रविवारी मात्र सगळ्यांचे चेहरे उतरलेले. रानातलं सर्वांत जुनं झाड आतून पोकळ झालेलं. कोणाच्या अंगावर पडायला नको म्हणून ते त्याच सकाळी तोडायचं होतं. लाकूडतोड्या करवत घेऊन हजर. हेडबाई झाडाकडे पाठ करून उभ्या. ते त्यांच्या यजमानांनी जगवलेलं, असं ही माझ्या कानात सांगायला लागली, मी ऐकायला वाकलो आणि उतारावरून घसरत थेट बुंध्याशी चिखलात बसलो. (पँट मी स्वतः शिवलेली. शिवण उसवली नाही, याची नोंद घे.) उठता येईना म्हणून वर पाहिलं, तर ढोलीतून दोन पिवळेजर्द डोळे माझ्याकडे रोखलेले! मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

हेडबाई आधी "श्श!" म्हणाल्या, मग त्यांनी दुर्बीण वळवली.

"अगंबाई, पिंगळा! आणि पिल्लंसुद्धा!"

लाकूडतोड्याने करवत खाली ठेवली. "मी नाही हो बाई यांचं घर पाडणार," तो म्हणाला. धोक्याच्या फांद्या तेवढ्या उतरवायच्या, पायवाट लांबून वळवायची आणि झाड राहू द्यायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. हेडबाईंनी डोळे पुसून माझा चिखलाचा हात हातात घेतला. मला ओढून बाहेर काढलं तेव्हा टाळ्या पडल्या, दादा! माझ्यासाठी!

तुझा,
धाकटा

ता. क. वहिनींना सगळं रंगवून सांग, फक्त एक गाळ. मी ओरडलो ते "मांजर! मांजर!" असं.

आणखी ता. क. येत्या रविवारी सर्वांच्या पुढे चालून पक्षी दाखवायचा मान मला दिलाय. मला कावळा येतो, तुला सगळे पक्षी येतात. तू शनिवारीच ये, माझ्या मागे उभा राहा आणि हळूच नावं सांग. तू माझा शिष्य आहेस असं मी सांगून बसलोय, तेवढं सांभाळून घे.