कडव्या वालांचं बिरडं

नम्रता,

तू माहेरी गेलीस आणि इथे घोटाळा झाला. तुझ्या दोन डब्यांतले हिरवट दाणे मी कडवे वाल समजून एकत्र भिजवले. मोड येईनात, तसंच बिरडं केलं. मग ऋत्विक फोनवर म्हणाला, आई, ती कच्ची कॉफी होती, एकात सौम्य अरेबिका, दुसऱ्यात कडक रोबस्टा. दुकानासाठी कुठली घ्यायची ते तू भाजून ठरवणार होतीस. डब्यांवर नावं घालायला काय झालं होतं?

मला विचारशील तर लांबट दाणे घे, जरा तरी शिजले. गोल दगडासारखेच राहिले. तुझ्या सासऱ्यांनी मात्र गोलच वेचून खाल्ले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पहाटेपासून परसात दगडांचा गडगा रचतायत.

मी लांज्याला बहिणीकडे जाते. तू परत आलीस की त्यांना चहा देऊ नकोस.

आई